खोकणारा तित्तर

छावणीतल्या आमच्या शाळेत शिट्टी नावाची वस्तू कधी टिकली नाही, कारण तिची कुणाला गरजच पडली नाही. खेळाच्या तासाला मुनीर सर होते आणि मुनीर सरांच्या गळ्यात तित्तर होता. मैदानाच्या मधोमध उभे राहायचे, दोन बोटं गळ्याच्या घाटीवर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि 'किती-तर, किती-तर, किती-तर' असा जो काय आवाज सुटायचा, तो ऐकून अख्खी शाळा रांगेत. पोरांचं सोडा, फळ्यावर गोदावरीचं खोरं काढत असलेला मी, भूगोलाचा जाधव, हातात खडू घेऊन दोनदा बाहेर येऊन सावधानमध्ये उभा राहिलेलो आहे.

एकदा तर लष्कराच्या मैदानाकडच्या झुडपातनं खराखुरा तित्तर चालत आला आणि पाचवीच्या रांगेत उभा राहिला. उंचीप्रमाणे पहिला. मुख्याध्यापकांनी त्याची हजेरी लावली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मधल्या सुट्टीत खिचडीची एक ताटली जास्त लागली, एवढं मला पक्कं आठवतं.

सर दिसायलाही त्याच जातकुळीचे. आखूड पाय, पुढं काढलेली छाती, मेंदीनं लाल केलेल्या मिशा आणि सारखी इकडून तिकडं फिरणारी मान. गळ्याला बाराही महिने मफलर. मे महिन्यात डांबर पातळ होऊन चपला रस्त्यातच राहायच्या, लोक अनवाणी घरी जायचे, तरी सरांचा मफलर जागेवर. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. चिंच, लोणचं, आइस्क्रीम यांच्याशी उभ्या जन्माचं वैर. लग्नात आपण जेवणाकडं बघतो, सर पाण्याकडं बघायचे. "माठातलं हाय का फ्रीजमधलं?" फ्रीजमधलं असलं तर तहानलेले घरी यायचे.

कौतुकाची भूक मात्र अशी, की दहावीच्या निरोप समारंभात पाहुण्यांच्या भाषणाआधी सर स्वतःच उठून म्हणायचे, "पोरं आग्रह करून राहिली, म्हणून फक्त." पोरांनी तोपर्यंत तोंडही उघडलेलं नसायचं.

त्यांचा एक नियम होता. बोलावलं तर भेटायचं. "किसीकू आवाज दिया ना जाधव, तो मिलने का." वर्गात एखाद्या पोरानं उगाच मागून हाक मारली आणि पुढचा वळून बघेपर्यंत बाकाखाली लपला, तर सर त्याला अख्खा तास त्याच पोरासमोर उभं करायचे. "आता बोल त्याच्याशी. बोलावलंस ना?" चुकून भाजीवाल्याला हाक मारली तर भाजी घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांच्या घरी एका हिवाळ्यात मेथी एवढी साठली, की भाभींनी शेवटी माझ्या बायकोला फोन केला. गारखेड्याच्या आमच्या घरी त्या थंडीत आम्ही मेथीशिवाय काही खाल्लं नाही. माझ्या घामालाही मेथीचा वास यायला लागला होता.

हा नियम कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शाळेमागच्या चहाच्या टपरीवर. त्या दिवशी मफलर काढून मांडीवर ठेवला होता, म्हणून मला ते लक्षात आहे.

सरांचं गाव देवगाव रंगारी. वडील शेती करायचे आणि थंडीत तित्तर धरायचे. त्याच्यासाठी त्यांनी एक तित्तर पाळला होता, त्याचं नाव सरदार. तित्तर हा लई भांडखोर पक्षी. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडला की त्याच्या अंगाची आग होते. अब्बा पहाटे पिंजऱ्याला कापडाची खोळ घालून शेतात न्यायचे, झुडपाशी ठेवायचे आणि खोळ काढायचे. भोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे. सरदार ओरडला की रानातले नर मान वर करून, छाती फुगवून भांडायला यायचे आणि पाय फाशात. सरदारचा घसा बसला की सरदारच्या ऐवजी मुनीर ओरडायचा.

"सरदारपेक्षा मी चांगला ओरडायचो," सर म्हणाले. एवढं म्हणताना छाती नेहमीसारखी पुढं आली, आणि मग हळूच आत गेली.

अब्बा वारले तेव्हा सर नुकतेच मास्तर झाले होते. त्यांनी फासे जाळले, पिंजरा उघडला आणि सरदारला रानात सोडून दिलं. आपण मोठं पुण्य केलं असं त्यांना वाटलं. काही दिवसांनी शेजारच्या शिवारात दुसऱ्या कुणीतरी बोलका तित्तर ठेवला. तो ओरडला. सरदारनं आयुष्यभर हेच काम केलेलं. पण दुसऱ्याचा आवाज ऐकून गप्प बसायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. छाती फुगवून गेला आणि फाशात सापडला.

"ज्यानं धरला त्यानंच येऊन सांगितलं. म्हणला, तुमच्या अब्बाचा वाटतो, पायाला दोऱ्याची खूण हाय. तोवर हंडीत सालन झालं होतं त्याचं."

तेव्हापासून सरांनी तौबा केली. शेतात, रानात, जिथं तित्तर ऐकू शकतो अशा ठिकाणी तोंड उघडायचं नाही. माणसांत चालतं. शाळेत, लग्नात, मजलिसीत चालतं.

"मग छावणीतला तो पाचवीच्या रांगेतला तित्तर?" मी विचारलं.

"तो तू बनवलास."

"अर्धाच बनवला, सर."

"अर्धा बी नाय झाला. मैना होती ती."

आम्ही दोघं निवृत्त झालो, त्याच्या पुढच्या वर्षी सत्तारभाईंच्या मुलीचं लग्न निघालं. सत्तारभाई म्हणजे सरांचे धाकटे भाऊ, देवगावात शेती बघतात. मी सरांना स्कूटरवर घेऊन गेलो. मांडवात इतकी गर्दी, की मी एका पंगतीला बसलो आणि उठलो तो तिसऱ्या पंगतीतून. जेवणं आटोपली आणि नेहमीसारखं सुरू झालं. "सर, होऊन जाऊ द्या की एकदा."

सरांनी नाही म्हटलं. हे त्यांचं पहिलं नाही. दुसरं नाही ते घसा साफ करता करता म्हणायचे, आणि तिसऱ्याला उभे असायचे. पण त्या दिवशी कुणीतरी त्यांच्या हातात गुलाबाचं थंडगार सरबत दिलं होतं, आणि पुतणीच्या लग्नाच्या आनंदात त्यांनी ते पिऊनही टाकलं होतं.

मांडवात मोबाइल वर झाले. नवरदेवाकडचा एक हसतमुख पाहुणा पुढं आला, फोन थेट सरांच्या तोंडाजवळ धरला. "सर, रिंगटोन करतो."

"इतका जवळ नक्को," सर म्हणाले. "आवाज फाटतो. हातभर लांब धर. आणि पंखा बंद करा रे कोणी." कुणीतरी पंखा बंद केला. नवरीची आई वारा घालता घालता थांबली. सरांनी दोन बोटं घाटीवर ठेवली, डोळे मिटले आणि तित्तर सोडला. पहिला तुकडा झाला, आणि दुसरा सुरू व्हायच्या आत सरबतानं दगा दिला. 'ख्हं', एवढासा खोकला. मग दुसरा तुकडा, पहिल्याहून सरस. मांडव टाळ्यांनी उडाला. एक वासा खरंच निसटला. वाजवणाऱ्यांत मीही होतो.

सरांचं लक्ष खोकल्यावर. "मिटव ते. फिरून देतो."

"झालं सर, एकदम बेस्ट," पाहुणा म्हणाला आणि गर्दीत मिसळला.

पुढचे कित्येक महिने सरांना एकच दुःख. त्या रेकॉर्डिंगमध्ये आपली खासी आहे. ती मोबाइलवरनं मोबाइलवर फिरली, माझ्याकडंही आली, बसस्टँडवर कुणाचा तरी फोन वाजला की तित्तर ओरडायचा आणि मधेच खोकायचा. सर मान खाली घालायचे. "लोक म्हणतील, मुनीरचा घसा गेला." त्या वेळी त्यांची सगळी शरम तेवढ्या 'ख्हं'ची होती.

मग थंडी आली. एका दुपारी सर गारखेड्याला माझ्या दारात रिक्षातनं उतरले. मफलर सुटलेला. पाणी दिलं, ते फ्रीजमधलं होतं, आणि त्यांनी न विचारता पिऊन टाकलं. तेव्हाच मी टीव्ही बंद केला.

"जाधव, आज सकाळी मी तुरीत खोकलो."

"मग दवाखान्यात जाऊ."

"मी बांधावर होतो. सत्तारसोबत. तुरीत कुणीतरी खोकलं. माझ्या गळ्यानं."

मी त्यांना खुर्चीत बसवलं.

झालं होतं असं. सर आदल्या दिवशी गावी गेले होते. उजाडता उजाडता भावाबरोबर शेतात निघाले, तर तुरीच्या पलीकडून तित्तर ओरडला. सर थांबले, खुश झाले. "सत्तार, लई दिवसांनी असा तयार नर ऐकला." मग तित्तर खोकला. जगात खोकणारा तित्तर एकच. झुडपाखाली ओंजळीत मावेल एवढा स्पीकर होता, भोवती बारीक जाळी पसरलेली. मोटारसायकलवरचे दोघं हालणारी पिशवी घेऊन पळाले. जाळीत एक नर राहिला होता. सरांनी सोडवला. त्यानं सरांच्या हाताला चोच मारली आणि लंगडत तुरीत शिरला. स्पीकर तोपर्यंत चालूच होता. तो बंद कसा करायचा ते दोघा भावांना कळेना, शेवटी सत्तारभाईंनी त्याच्यावर दगड घातला.

"सत्तार म्हणतो, दिवाळीपासून चालू हाय. रोज नव्या शिवारात. ढाब्यावर विकतात म्हणे. सगळ्यांकडं तीच रिंगटोन. दुसऱ्या आवाजाला नाय येत इतके, म्हणतात, माझ्याच आवाजाला येतात."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या तोंडावर जे काही क्षणभर येऊन गेलं, ते मी बघितलं. त्यांनाही कळलं, मी बघितलं ते. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं.

मी म्हटलं, "सर, तुम्ही रिंगटोन दिली. जाळं नाय टाकलं."

"सरदारनं बी जाळं नव्हतं टाकलं."

आम्ही वनखात्याकडं तक्रार केली. तित्तराला हात लावणं गुन्हा आहे हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. अधिकारी चांगला माणूस होता, त्यानं काही दिवस गाडी फिरवली. मोटारसायकली दुसऱ्या रस्त्याला लागल्या. सरांनी त्याला विचारलं, "साहेब, आवाज परत घेता येतो का?" तो म्हणाला, ते आमच्या खात्यात येत नाही.

मग सर गप्प झाले. जुन्या विद्यार्थ्यांनी शाळेत मेळावा ठेवला, सत्कार केला आणि एकसुरात मागणी केली. सर उठले, पाणी प्याले आणि खाली बसले. मी पटकन माईक घेतला. सांगितलं, की सरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, डॉक्टर परदेशातून आला होता, त्यानं आत बघितलं तर आत घरटं होतं. पोरं हसली, सत्कार निभावला. रिक्षात बसताना सर म्हणाले, "तुझ्या थापा कुणाला खात नाहीत, जाधव. नशीबवान आहेस."

तोडगा त्यांनीच काढला. इतका उफराटा, की तो फक्त खेळाच्या मास्तरालाच सुचावा.

"शिकवायचं त्यांना," ते म्हणाले. "जो आवाज ऐकून यायचं, तोच ऐकून पळायचं. मी बोलावणार, ते येणार, आणि आले की अशी दहशत बसवायची की पुन्हा त्या आवाजाचं नाव नाय काढणार. चार महिने रोज कवायत घेतली तर दहावी ब सुद्धा सुधारते."

"आणि तुमची तौबा? शेतात तोंड उघडायचं नाही?"

"तुटली ती. मांडवातच तुटली. मला कळलं उशिरा."

त्या थंडीत आम्ही दर शनिवारी संध्याकाळी देवगावला जायचो, सत्तारभाईंकडं मुक्काम, आणि उजाडताना बांधावर. सरांच्या काखेत गोडेतेलाचा रिकामा डबा आणि हातात लाटणं. लाटणं भाभींचं. त्या घरी पोळ्या ग्लासानं लाटायच्या आणि आम्हाला दोघांनाही नावं ठेवायच्या.

पहिल्या दिवशी सर बांधाआड बसले, बोटं घाटीवर ठेवली आणि ओरडले. मधे खोकलेही, तसंच्या तसं. कारण पाखरांना तोच धडा द्यायचा होता. ज्या 'ख्हं'ची त्यांना इतके महिने लाज वाटली, ती आता मुद्दाम, घोटून, बरोबर जागेवर. थोड्या वेळानं ढेकळांतून एक नर आला. मान ताठ, छाती पुढं, इकडं बघ तिकडं बघ. दोघं समोरासमोर आले तेव्हा मला क्षणभर कळेना, कोण कुणाची नक्कल करतंय.

ठरल्याप्रमाणे सरांनी उठून डबा बडवायचा होता. सर उठले. लाटणं वर गेलं, तिथंच राहिलं. तित्तर बघतोय, सर बघतायत.

"सर, वाजवा."

"भरवशानं आलाय रे."

मीच डबा हिसकावून बडवला आणि असा ओरडलो, की शेजारच्या शिवारातला बैल दावं तोडून गेला. तित्तर फर्रकन उडाला. सर माझ्यावर भडकतील असं वाटलं. त्यांनी शांतपणे डबा परत घेतला. "तू नक्को. मीच. बोलावलं मी, तर भेटायचं बी मीच. त्यांना तोंड माझंच दिसलं पाहिजे."

आणि मग ते भेटले. प्रत्येकाला. गोड आवाजात बोलवायचे, आला की राक्षसासारखं उठायचे, मफलर गरागरा फिरवायचे, डबा बडवत मागं धावायचे. साठीचा माणूस ढेकळांतून धावताना दोनदा पडला, गुडघे फुटले. गावातली माणसं बांधावर यायची, हसायची. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, पाखरांवर काय राग काढून ऱ्हायले?" सर म्हणाले, "व्हय चाचा, लई राग आहे." धाप लागलेली असायची, डोळ्यांत पाणी असायचं. थंडीचं म्हणायचे. दर वेळी पाखरू उडालं, की त्याच्या दिशेनं हात कपाळाला लावायचे. माफी मागायचे का सलाम करायचे, मी विचारलं नाही.

मधल्या दिवसांत सर एकटेच बसनं जायचे. डबा पार चेपून गेला. थंडी उतरणीला लागली तसे येणारे कमी होत गेले. आधी बांधापर्यंत यायचे ते तुरीच्या कडेलाच थबकायला लागले. मग नुसता लांबून जबाब द्यायचे.

शेवटच्या रविवारी तूर निघाली होती, रान मोकळं. सर म्हणाले, "आज मी नाय ओरडणार. तुझ्या मोबाइलमध्ये हाय ना ते? ते लाव."

मी फोन बांधावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. सरांनी ते रेकॉर्डिंग तुरीतल्या त्या सकाळनंतर कधी ऐकलं नव्हतं. मांडवातली भांडी, कुणाचं तरी हसणं, "पंखा बंद करा रे", आणि मग तो. माझी थाप समजा हवं तर, पण इतका भरलेला, इतका खरा तित्तर मी रानातल्या तित्तराच्याही तोंडून ऐकलेला नाही. समोर काटेरी झुडपाखाली दोन नर चरत होते. पहिल्या तुकड्याला त्यांनी माना वर केल्या. एकानं छाती फुगवली, दोन पावलं आमच्याकडं टाकली.

मग 'ख्हं'.

दोघंही वळले आणि मान खाली घालून असे पळाले, की झुडपं ओलांडून दिसेनासे झाले. दुसरा तुकडा, तो पहिल्याहून सरस, कुणीच ऐकला नाही. त्यानंतर मांडवातल्या टाळ्या वाजल्या. मोकळ्या रानात त्या लई वेळ वाजल्यासारख्या वाटल्या.

"बंद कर," सर म्हणाले.

मी बंद केलं.

"कोणीच नाय आलं, जाधव."

"पास झाली पोरं, सर."

त्यांनी मान हलवली. त्यांना हसायचं होतं, ते जमलं नाही. ज्या माणसाच्या हाकेला अख्खं रान धावत यायचं, त्यानं अख्खी थंडी खपून स्वतःच्या हाकेची किंमत मातीत घातली होती, आणि तो उभा होता चेपलेला डबा घेऊन. "हे आपल्या शिवारातले," ते म्हणाले. "बाकीचे? ती रिंगटोन पार कुठंकुठं गेली." मग स्वतःशीच, "पुढच्या थंडीत कन्नड गावाच्या बाजूनं सुरू करू." पुढची थंडी त्यांना मिळाली नाही. उन्हाळ्यातच, घरी, झोपेत गेले.

पण त्या सकाळी आम्ही स्कूटरकडं निघालो होतो. सर पुढं, मी मागं. एवढ्यात पाठीमागून, झुडपांच्या पलीकडून, तित्तर ओरडला. खराखुरा, न खोकणारा. सर जागच्या जागी थांबले. दोन बोटं घाटीवर गेली. मला माहीत होतं, जबाब ओठांपर्यंत आलेला आहे.

"सर, बोलावतोय तो."

"ऐकलं मी."

बोटं खाली आली. गळ्याचा मफलर त्यांनी वर ओढला आणि तोंडावर घट्ट धरला.

अजून कधी शाळेत चक्कर होते, तेव्हा स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगताना माझा तित्तर स्कूटरपर्यंत मागं मागं चालत येतो आणि सरांच्या पायाशी बसतो. तो आला नव्हता. तो झुडपांमागंच ओरडत राहिला, आणि जो माणूस हाक मारलेल्या भाजीवाल्यालाही रिकामा जाऊ द्यायचा नाही, तो मागं न बघता, तोंड धरून, ढेकळांतून पुढं चालत राहिला.